नाशिकहून पन्ना येथे हिरे शोधण्यास जाताना
नाशिकच्या बेसाल्ट खडकात झिओलाइट या खनिजाचे देखणे स्फटिक मिळतात, हिरे नव्हेत. त्यामुळे हौस असणाऱ्याने मध्य प्रदेशातील पन्ना गाठावे, जेथे भारतीय नागरिकास सरकारी हिरा कार्यालयाकडून 8 मीटर लांब व 8 मीटर रुंद अशा उथळ खाणीचा भाडेपट्टा मिळू शकतो. वरची माती काढून खालचा खडीचा थर उपसावा, तो वारंवार धुऊन चिखल घालवावा, उन्हात वाळवावा आणि सपाट जागेवर पसरून हाताने निवडावा. घाई येथेच नडते. हिऱ्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 3.5 ग्रॅम, गारगोटीची 2.65 आणि शुद्ध सोन्याची 19.3; हिरा गारगोटीहून थोडाच जड असल्याने सोन्यासारखा सहज वेगळा होत नाही, म्हणून सराफ बाजारातील झारेकऱ्याचे, म्हणजे धूळ-माती परातीत धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्याचे, कसब येथे एकटे पुरत नाही. सापडलेला हिरा कार्यालयात जमा करावा. लिलावानंतर स्वामित्वधन (सरकारचा हिस्सा, रॉयल्टी) वजा करून रक्कम मिळते.