पोर्शे ९४४ : डिकीच्या काचेतून पाणी गळतंय?

स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलं की बहुतेक जण लगेच डिकीच्या कडेचं नवं रबर मागवतात. थांबा. पोर्शेच्या ९२४ आणि ९४४ या गाड्यांमध्ये मागची काच धातूच्या फ्रेमला चिकटवलेली असते आणि खरी गळती बरेचदा त्याच जोडातून होते. गॅस स्ट्रट (डिकी उघडी धरणारे गॅसचे दांडे) फ्रेमला वर रेटतात, कोपऱ्यातल्या लॉकमध्ये अडकणाऱ्या पिना खाली ओढतात. या ओढाताणीत जोड सुटतो.

आधी कागदाची पट्टी रबरावर ठेवून डिकी लावा. पट्टी सहज निघाली तर दाब कमी आहे. लॉकनट (पिन जागी धरणारा नट) सैल करून पिना अर्धा-अर्धा फेरा फिरवत जुळवा. पट्टी घट्ट बसली तर गळती कुठून होते ते बघायला एकाला आत बसवून पाइपने खालून वर पाणी सोडा.

जोडच सुटला असेल तर स्ट्रट काढा, जुना गोंद खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, प्राइमर (गोंद धरण्यासाठीचा पहिला थर) लावा आणि विंडशील्ड चिकटवायचा युरेथेन गोंद भरा. टेपने आवळून किमान २४ तास हलवू नका. सिलिकॉन मात्र नकोच! त्याचा थर राहिला तर पुढे युरेथेन धरत नाही. डिकी आपटू नका, आणि ओला गालिचा उचलून खालचा पत्राही सुकवा.