वाघेरीच्या धारेवर चढून धड खाली कसं यावं

चोर्ला घाटाच्या रस्त्यानं जाताना अंजुणे धरणापाशी मान वर केली की वाघेरी दिसतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात केरी गावावर उभा असलेला हा डोंगर मी बरेच वेळा चढलोय. चढण दमवते, पण माणसं अडकतात ती उतरताना, आणि त्याबद्दल कुणी धड सांगत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. पावसाळ्यात जाऊ नका. मार्चनंतरही नको, तेव्हा गवत वणव्याची वाट बघत असतं. २०२३च्या मार्चमध्ये सत्तरीतल्याच म्हादई अभयारण्यात आगी लागल्या होत्या. वनखात्याची परवानगी आधी काढा आणि गावातला वाटाड्या घ्या. साखळी शहरात पातळ भाजी-पाव खाऊन उजाडता उजाडता केरीत पोचायचं. माणशी तीन लिटर पाणी.

जंगलातली चढण सरळ आहे, फक्त गव्यांच्या वाटांनी फसू नका. गव्याची वाट आपल्या पाऊलवाटेइतकीच रुळलेली असते, पण पुढे ती गच्च झाडीत शिरते. फांद्या छातीला लागायला लागल्या की लगेच मागे फिरा.

धारेवर पोचलात की समोर घाटाची भिंत आणि खाली धरणाचं पाणी. हवं तेवढं बघा, पण कड्याच्या टोकावर फोटोसाठी उभे राहू नका आणि सिगारेट पेटवू नका. कातळाच्या कपारीत आग्या माश्यांची पोळी असू शकतात.

आता घसारा. धारेखालचा हा उतार सुटे दगड, मुरूम आणि वाळलेलं गवत यांचा आहे. पहिल्या खेपेला मी इथे तासभर अडकून पडलो होतो. बरोबरच्यांनी सांगितलं, ‘डोंगराला चिकटून राहा, मागे रेल.’ मी रेललो आणि दोन्ही पाय एकदम पुढे सटकले. हाताला आलेली कारवीची काठी धरली, तर ती कडाड मोडली. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि मग मरते. उभी दिसते, पण आतून वाळलेली असते.

मागे रेलण्याचा सल्ला मला अजूनही ऐकू येतो, आणि अजूनही राग येतो. रेललं की वजन पायांवरून जातं आणि तळव्याची पकड सुटते. गुडघे वाकवा, अंग पायांच्या बरोबर वर ठेवा, कंबर किंचित पुढे. मुरमात टाच रोवून छोटी पावलं टाका. गवतावर मात्र टाच चालत नाही. वाळलेली पाती उताराच्या दिशेनं आडवी पडलेली असतात, वरून तेल लावल्यासारखी. तिथे पाऊल गवताच्या बुंध्यावर ठेवायचं, म्हणजे मुळं धरून ठेवतात. झुडूप धरायचंच असेल तर जिवंत, आणि तेही मुळाशी.

बसून घसरत उतरू नका. सोपं वाटतं, पण वेग धरला की थांबता येत नाही आणि खालचा दगड दिसतही नाही. एकामागोमाग एका रेषेतही उतरू नका. तिरपे उतरा, अंतर ठेवा, आणि पायाखालचा दगड सुटला तर लाज न बाळगता ‘दगड!’ म्हणून ओरडा. माझ्या डोळ्यांदेखत नारळाएवढा धोंडा एका मुलाच्या खांद्याला चाटून गेला, आणि वरच्यानं तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

हा टप्पा उजेडातच उरकायला हवा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. म्हणून वर पोचा न पोचा, दुपारी एकला माघारी फिरायचंच. दहा मिनिटांवर आलोय म्हणणाऱ्याचंही ऐकायचं नाही.

खाली आलात की आधी गोचिड्या बघा. घोट्यापाशी, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो मुख्यतः गोचीड चावल्यानं होतो. चिकटलेली गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना आधी हेच सांगा, की सत्तरीच्या जंगलात जाऊन आलोय.