घरात रेंज नाही, पण वायफाय आहे? मग फोन असा लावा

आमच्या घरात मोबाइलची रेंज एकाच जागी यायची. मागच्या खोलीची खिडकी, डावीकडचा गज, त्याला खांदा टेकवायचा आणि हलायचं नाही. अर्धं पाऊल मागे आलं की पलीकडचा माणूस पाण्याखालून बोलायला लागायचा. मी घरून हिशेबाची कामं करते, त्यामुळे दिवसातले पंधरावीस फोन त्या गजाला टेकून झाले, आणि असं दोन वर्षं चाललं. राउटर पाठीमागे चार हातांवर लुकलुकत होता. फोनमध्ये एक बटण दाबायचं होतं, ते मला ठाऊक नव्हतं, एवढंच.

ते बटण म्हणजे वायफाय कॉलिंग. याचा व्हॉट्सअ‍ॅप कॉलशी संबंध नाही. कुठलंही अ‍ॅप टाकायचं नाही, नेहमीचाच डायलर, नेहमीचाच नंबर. पलीकडच्याकडे साधा बटणांचा फोन असो की लँडलाइन, त्याला पत्ताही लागत नाही. आमच्या अण्णांच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं. त्यांच्या हिशेबी फोन म्हणजे नंबर दाबायचा आणि हिरवं बटण. हिरव्या रंगाचं दुसरं काहीही ते उघडत नाहीत.

आतली गोष्ट थोडक्यात अशी. फोन वायफायवरून इंटरनेटवर जातो आणि तुमच्या सिमकंपनीच्या दारापर्यंत एक बंद बोगदा तयार करतो. दारावर ओळख पटवायची ती सिमकार्डानेच, म्हणून पासवर्ड वगैरे लागत नाही. पुढे कॉल कंपनीच्या नेहमीच्या यंत्रणेतून जातो. टॉवरची जागा राउटरने घेतली, बाकी सगळं तेच. बोगद्यातलं बोलणं कूटबद्ध असतं, त्यामुळे ज्याचा राउटर आहे त्याला ते ऐकता येत नाही. बहुतेक कंपन्यांचे एसएमएससुद्धा याच वाटेने येतात. मला तर त्याचंच जास्त अप्रूप वाटलं, कारण बँकेचा ओटीपी मिळवायला मी जिन्यात पळायचे, आणि वर येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असायची.

आधी तीन गोष्टी जमायला हव्यात: फोनमध्ये सोय हवी, सिमकंपनी ती देत असावी आणि तुमच्या नंबरावर ती चालू केलेली असावी. आयफोनमध्ये ही सोय २०१४च्या आयओएस ८पासून आहे, अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्येही आहे. मात्र तोच फोन एका कंपनीच्या सिमवर पर्याय दाखवतो आणि दुसरीच्या सिमवर तो गायबच असतो. तेव्हा सेटिंग सापडलं नाही म्हणून लगेच फोनला नावं ठेवू नका.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत सरळ ‘वायफाय कॉलिंग’ टाका. फोन बनवणारी प्रत्येक कंपनी ते वेगळ्या कोपऱ्यात लपवते: कुणी सिमच्या पानावर, कुणी कनेक्शन्समध्ये, कुणी डायलरच्या सेटिंगमध्ये. शोधलेलं बरं. आयफोनवर सेटिंग्ज, मग सेल्युलर (काही देशांत तिथे ‘मोबाइल सर्व्हिस’ असं लिहिलेलं असतं), मग वायफाय कॉलिंग. चालू करताना काही ठिकाणी आपत्कालीन सेवेसाठी पत्ता विचारतात. तो कंटाळा करून सोडू नका, खरा आणि पूर्ण भरा; का ते पुढे सांगते. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी बटण वेगवेगळं चालू करावं लागतं. मी पहिल्यांदा फक्त घरच्या नंबरावर चालू केलं आणि कामाच्या नंबरावर लोक आठवडाभर ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकत बसले.

आता खरी मेख. अँड्रॉइडवर त्याच पानात प्राधान्य विचारतात: कॉल वायफायवरून लावू की मोबाइल नेटवर्कवरून? हा पर्याय अनेकदा मोबाइलवर ठेवलेला असतो. घरात रेंज अजिबात नसेल तर त्याने बिघडत नाही. पण एक काडी येत-जात असेल तर फोन त्या एका काडीला बुडत्याने काडी धरावी तसा धरून बसतो आणि शेजारचं धडधाकट वायफाय सोडून देतो. शून्य रेंजपेक्षा ही एक काडी जास्त त्रास देते. ‘वायफायला प्राधान्य’ निवडा.

चालू झालं का, हे काड्या बघून कळत नाही. फोन विमान मोडमध्ये टाका. वायफाय बंद पडलं असेल तर तेवढंच परत चालू करा. आता कुणालाही साधा फोन लावा. टॉवरशी नातं तोडलेलं असताना घंटा वाजली तर कॉल वायफायवरूनच गेला, शंकाच नको. घरात रेंज मुळीच नसेल तर फोन तसाच विमान मोडमध्ये ठेवायलाही हरकत नाही. टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. घराबाहेर पडताना काढायचं तेवढं लक्षात ठेवा.

घंटाच वाजली नाही तर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आणखी खोलात बघता येतं. डायलरमध्ये *#*#४६३६#*#* दाबलं की एक चाचणीचं पान उघडतं. फोनच्या माहितीत शिरून आयएमएसची, म्हणजे इंटरनेटच्या वाटेने कॉल चालवणाऱ्या सिमकंपनीच्या यंत्रणेची, स्थिती बघा. तिथे नोंदणी झालेली दिसते का आणि ‘व्हॉइस ओव्हर वायफाय’समोर उपलब्ध लिहिलंय का, एवढंच वाचायचं. बाकीच्या बटणांना हात लावू नका. नोंदणीच झालेली नसेल तर फोन बंद-चालू करून बघा, सिस्टीम अपडेट बघा, आणि मग कंपनीला फोन करा. त्यांना ‘नेट चालतंय पण फोन लागत नाही’ असं सांगू नका. त्यावर ते तुम्हाला फोन बंद-चालू करायला सांगतात. ‘माझ्या नंबरावर वायफाय कॉलिंगची सेवा चालू आहे का तपासा’ असं म्हणा. माझ्या एका नंबरावर ती चालूच केलेली नव्हती. हा एवढा शोध लागायला चार फोन करावे लागले, आणि ते चारही खिडकीतून.

एखाद्या कार्यालयातल्या किंवा पाहुण्यांसाठीच्या वायफायवर हे चालत नसेल तर कारण बहुधा निराळं असतं. बोगदा उघडायला यूडीपी या पद्धतीचे ५०० आणि ४५०० क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरची क्रमांक दिलेली दारं, लागतात. ते अडवलेले असतील तर वेबसाइट झकास उघडतील आणि कॉल मात्र जाणार नाही. नेटवर्क सांभाळणाऱ्याला हेच दोन आकडे सांगा, तो समजतो. आणि जिथे आधी पान उघडून नंबर टाकावा लागतो, तिथे ते सोपस्कार होईपर्यंत फोनही लागत नाही.

इथपर्यंत दहा मिनिटांचं काम. माझा खरा वेळ गेला तो आवाज तुटण्यात.

मला पलीकडचं स्वच्छ ऐकू यायचं, पण पलीकडचा म्हणायचा, ‘ताई, तुमचा आवाज कापला जातोय.’ तेही रोज नाही, रात्री नऊच्या पुढे. नेट जलद आहे म्हणून मी कंपनीचा शंभर एमबीपीएसचा आकडा दाखवत बसायचे. वेगाचा इथे संबंधच कमी. कॉलला सेकंदाला फार तर शंभरएक किलोबिट लागतात, म्हणजे मिनिटाला एखादा एमबी. पण तुमचा आवाज वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतात, सेकंदाला पन्नास तुकडे, आणि ते एका लयीत पोचावे लागतात. उशिरा आलेला तुकडा फेकूनच दिला जातो, कारण तोवर वाक्य पुढे गेलेलं असतं. आवाजाला एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू नये असं धरतात. त्यापुढे दोघंही एकाच वेळी बोलायला लागतात आणि दोघंही एकाच वेळी गप्प बसतात.

रात्री नऊला काय व्हायचं? मी माझा जुना फोन चार्जिंगला लावायचे. चार्जर लागला आणि वायफाय मिळालं की तो दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवायला घ्यायचा. सगळी वर जायची वाट त्याने भरून टाकली की माझ्या आवाजाचे इवलेसे तुकडे त्या लांबलचक रांगेच्या शेपटाला उभे. म्हणून मला ऐकू यायचं आणि माझं ऐकू जायचं नाही. फोटोंची वेळ पहाटेवर ढकलली, प्रश्न मिटला. तुमच्याकडे राउटरमध्ये क्यूओएस नावाची, कुणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय असेल तर तीही चालू करून बघा. डब्ल्यूएमएम मात्र बंद करू नका. वायफायवर आवाजाला वाट देणारी सोय तीच.

दोष घरातला की बाहेरचा, हे ओळखायला संगणकावरून आधी राउटरच्याच पत्त्यावर पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि मग बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर. राउटरकडून उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत यायला हवं. तिथेच मध्येमध्ये दोनशे, तीनशे दिसत असेल तर इंटरनेट कंपनीशी भांडून उपयोग नाही, गडबड तुमच्या चार भिंतींत आहे. संगणक नेऊन ठेवायचा तो मात्र जिथे बसून फोन करता तिथेच.

माझी गडबड तिथेही होती. राउटर कपाटात, आरशाच्या मागे, शोभा जाऊ नये म्हणून. आरशाच्या पाठीला धातूचा लेप असतो, लहरींना तो भिंतीपेक्षा वाईट. वायफायची ताकद मोजणारं अ‍ॅप घेऊन मी घरभर फिरले. राउटरजवळ उणे ४०, आणि माझ्या टेबलाशी उणे ७८ डीबीएम (हे लहरींच्या ताकदीचं माप). बोलण्यासाठी उणे ६७ किंवा त्याहून बरं असावं असा साधारण दंडक आहे, आणि आकडा शून्याकडे सरकेल तेवढं चांगलं. राउटर कपाटाबाहेर काढून उंच फळीवर ठेवला आणि टेबलाशी उणे ६० झालं. पैसा खर्च नाही, फक्त सासूबाईंची नाराजी.

वायफायचे दोन मुख्य पट्टे: ५ गिगाहर्ट्झ स्वच्छ असतं पण भिंतीपलीकडे लवकर मरतं, २.४ लांब पोचतं पण तिथे शेजाऱ्यांची आणि मायक्रोवेव्हची गर्दी. २.४वरच राहणं भाग असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळं चॅनल निवडा, कारण एकमेकांवर न चढणारी तेवढीच.

पैशांचं म्हणाल तर बऱ्याच कंपन्या हे कॉल नेहमीच्याच कॉलसारखे मोजतात. परदेशात मात्र कुणी घरच्यासारखे धरतं, कुणी सोयच बंद ठेवतं. निघण्याआधी विचारून घ्या, बिल आल्यावर नको.

वीज गेली की राउटर जातो आणि राउटर गेला की घरात फोनच नाही. मदतीचा फोन करायची पाळी नेमकी तेव्हाच यायची. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बॅटरीवर असू द्या. एकट्या राउटरला बॅटरी लावून भागत नाही, हे मला अंधारात कळलं. आपत्कालीन नंबर लावला की फोन सहसा आधी टॉवरच शोधतो, आणि तो न मिळाल्यास काही ठिकाणी वायफायवरून जातो. अशा वेळी तुम्ही कुठे आहात हे टॉवरवरून कळत नाही, म्हणून तो भरलेला पत्ता. तरीही घरात रेंजची जागा कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या. आमच्या खिडकीचा गज आजही अण्णांना पाठ आहे.

आणि बोलता बोलता घराबाहेर पडणार असाल तर व्होल्टे, म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय, चालू ठेवा. वायफायवरून टॉवरवर कॉल न तुटता सरकायचा तर पलीकडे ४जी किंवा ५जीच लागतं. जुन्या नेटवर्कवर तो बहुधा तुटतो. सरकतानाही क्षणभर शांतता होते. महत्त्वाचा हिशेब सांगत असले की मी उंबरठ्याच्या आतच थांबते, आकडे संपवते आणि मग चपला घालते.