मराठी टायपिंग: आधी हात बसवा, वेग मागून येईल

सरकारी लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचे मिनिटाला ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. पाच कळांचा एक शब्द धरला तर मराठीत मिनिटाला १५० कळा, सेकंदाला अडीच. फार वाटत नाही. पण एक कळ चुकली की ती पुसून पुन्हा दाबायची, म्हणजे एकाच्या तीन होतात. म्हणून सुरुवातीला घड्याळ लावू नका.

१. कळफलक, म्हणजे कोणत्या कळेवर कोणते अक्षर ती मांडणी, ठरवा. क्लासमध्ये मराठीला बहुधा रेमिंग्टन असतो, विंडोजवर ‘मराठी’ घेतले की इनस्क्रिप्ट येतो. परीक्षेला कोणता चालतो ते आधी विचारा. दोन्ही एकदम शिकू नका: रेमिंग्टनमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी, इनस्क्रिप्टमध्ये नंतर. पुढचे सगळे इनस्क्रिप्टचे.

२. मधल्या ओळीत उंचवटा असलेल्या दोन कळांवर तर्जनी ठेवा. डावीखाली पहिली वेलांटी, उजवीखाली र. उजवीकडे पुढे क, त, च. तर, केर, तेच, चोर हे शब्द खाली न बघता जमेपर्यंत दुसऱ्या ओळीला जाऊ नका.

३. स्वरचिन्हे बहुतेक डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या; न, ण, म, व तेवढे डावीकडे. म्हणून ‘सातारा’ झरझर येतो, उजवा-डावा असे हात आलटून पालटून चालतात. ‘सांगली’त काना आणि अनुस्वार लागोपाठ डाव्या हाताला, मग ग-ल उजव्याला, हात तिथेच अडखळतो. असे शब्द वेगळे काढून घोटा.

४. खरी अडचण र ची. पाय मोडायची कळ डाव्या मधल्या बोटाखाली आहे. ‘कर्ज’ला क, र, पाय, ज, ‘चक्र’ला च, क, पाय, र. ‘कऱ्हाड’ला मात्र शिफ्ट धरून ऱ घ्यायचा, मग पाय, मग ह. साधा र घेतला की रफार ह च्या डोक्यावर चढतो आणि गावाचे नाव बिघडते. बॅकस्पेस एका वेळी एकच चिन्ह खाते, त्यामुळे ‘ऱ्ह’ दुरुस्त करायला तीनदा मागे यावे लागते.

५. रोज वीस-वीस मिनिटे दोनदा बसा. उतारा वर्तमानपत्रातला घ्या. तासगावच्या बेदाणा सौद्याच्या बातमीत आकडे, गावांची नावे, जोडाक्षरे सगळे येते. शंभर शब्दांत दोनपेक्षा जास्त चुका निघाल्या, तर दुसऱ्या दिवशी तोच उतारा, पण सावकाश.