कोणता कागद किती वर्षे जपावा : महाविद्यालये आणि विद्यापीठांच्या कार्यालयांसाठी

प्रवेशाची गर्दी ओसरली की पुण्यातल्या अनेक महाविद्यालयांच्या कार्यालयांत एक प्रश्न हमखास निघतो. रेकॉर्ड रूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, परीक्षा विभागाला कपाटे हवी असतात आणि कोणीतरी म्हणते, ‘जुने सगळे काढून टाकू या.’ त्यावर दुसरे कोणी म्हणते, ‘कशालाही हात लावू नका, उद्या कोणी मागितले तर?’ कार्यालयीन नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. सगळे टाकणाऱ्याकडे कागद नसतो आणि सगळे ठेवणाऱ्याला तो सापडत नाही, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने दोहोंत काहीच फरक नसतो.

मुदत ठरवताना कागद कोणत्या विभागाचा आहे हे पाहण्याआधी तीन गोष्टी विचारात घ्याव्यात : तो मागायला कोण येईल, किती वर्षांनी येईल, आणि आपल्याकडे नसेल तर त्याला तो दुसरीकडे कुठे मिळेल. या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढली की निम्म्याहून अधिक गठ्ठ्यांचा निकाल टेबलावरच लागतो.

महाराष्ट्राच्या शासकीय कार्यालयांत अभिलेखांचे वर्ग पाडण्याची जुनी रीत आहे. अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षांचा, क वर्ग १० वर्षांचा, क-१ पाच वर्षांचा आणि ड वर्ग एका वर्षाचा. शैक्षणिक संस्थेने वेगळी पद्धत शोधत बसण्यापेक्षा हीच चौकट घ्यावी, कारण जुन्या लिपिकांना ती ठाऊक असते आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शासनाने किंवा विद्यापीठाने एखाद्या कागदाची मुदत परिपत्रकाने ठरवून दिली असेल तर अर्थातच तीच पाळावी. खाली सुचवलेल्या मुदती जिथे असा आदेश नाही तिथल्यासाठी आहेत.

कायम जपायचे ते मोजकेच

अ वर्गात सर्वांत आधी येते ते जनरल रजिस्टर. जाड पुठ्ठ्याचे, कापडी पाठीचे हे रजिस्टर उघडले की एका ओळीत एका माणसाची सगळी ओळख मिळते : अनुक्रमांक, पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा किंवा महाविद्यालय, प्रवेशाचा दिवस, सोडल्याचा दिवस, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना, ज्यात बहुधा तांबड्या शाईने ‘दाखला दिला’ असे लिहून खाली सही केलेली असते. या ओळीचे महत्त्व विद्यार्थी बाहेर पडल्यावर कमी होत नाही, उलट वाढते. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांना १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक आहेत, आणि त्यांच्या आधीच्या नोंदींना पुरावा म्हणून विशेष वजन असते. आजोबांनी १९४८ साली घेतलेल्या प्रवेशाची ओळ आज नातीच्या प्रवेशासाठी लागते ती अशी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा महसुली दप्तरांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरेही कपाटांतून बाहेर निघाली, हे अनेकांना आठवत असेल.

त्याच वर्गात निकालाची लेजरे आणि पदवी प्रदान केल्याची नोंदवही येते. येथे पुण्याच्या इतिहासाची थोडी जाण ठेवावी लागते. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले, त्यामुळे त्याआधी येथे शिकलेल्यांच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या आहेत. पुढे १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आणि १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि पुण्याचे कार्यक्षेत्र आकसले. म्हणजे जी महाविद्यालये आज दुसऱ्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे निकाल मूळ विद्यापीठाच्या दप्तरात आहेत. ‘ते महाविद्यालय आता आपल्याकडे नाही’ या कारणावरून अशी लेजरे कधीही निकालात काढू नयेत, कारण ज्याला ती हवी आहेत त्याला ती दुसरीकडे मिळण्याची शाश्वती नसते.

बहुतेक कार्यालये एक गोष्ट विसरतात आणि मला ती कळकळीने सांगायची आहे, ती म्हणजे अभ्यासक्रमाच्या पुस्तिका. परदेशी शिक्षणासाठी किंवा तिथल्या व्यावसायिक नोंदणीसाठी अर्ज करणाऱ्या माजी विद्यार्थ्याकडे ट्रान्सक्रिप्टबरोबर (सर्व वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याबरोबर) त्याच्या वर्षाचा विषयवार अभ्यासक्रमही अनेकदा मागितला जातो. गुण सापडतात, पण तो विषय त्या वर्षी काय शिकवला जात होता हे सांगणारे एकही पान सापडत नाही. प्रत्येक अभ्यासक्रमाची, ज्या वर्षी तो लागू झाला त्या वर्षाच्या शिक्क्यासह, एक प्रत आणि प्रत्येक प्रश्नपत्रिकेची एक प्रत ग्रंथालयात कायम ठेवावी. त्याला फार तर एक कपाट लागते.

अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, अभ्यास मंडळे आणि महाविद्यालय विकास समिती यांची सही झालेली इतिवृत्ते, संलग्नतेची पत्रे, जमिनीचे व इमारतींचे दस्तऐवज, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंदवही), पारितोषिकांसाठी मिळालेल्या देणग्यांची दानपत्रे आणि पीएच.डी.चे प्रबंध हेही कायमचे. प्रबंध आता शोधगंगा या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहात जातात, पण परीक्षकांचे अहवाल आणि मौखिक परीक्षेचा वृत्तान्त तिथे नसतो, म्हणून तो आपण ठेवायचा.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची

‘प्रवेश अर्ज, ५ वर्षे’ एवढेच लिहिलेली यादी निरुपयोगी असते, कारण पाच वर्षे कशापासून हे त्यात नसते. विद्यार्थ्याच्या कागदांची मुदत त्याने संस्था सोडल्यापासून, पैशांच्या कागदांची लेखापरीक्षण पूर्ण होऊन आक्षेप निकाली निघाल्यापासून आणि प्रकरणांची शेवटचा आदेश निघाल्यापासून मोजावी. नव्या शैक्षणिक धोरणात विद्यार्थी मध्येच थांबून काही वर्षांनी परत येऊ शकतो आणि अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात त्याची श्रेयांके (क्रेडिट्स) कमाल सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. म्हणून अशा विद्यार्थ्याचा प्रवेश अर्ज आणि अंतर्गत गुणांची मूळ पत्रके तो शेवटचा वर्गात दिसल्यापासून निदान दहा वर्षे ठेवावीत, असे माझे मत आहे. हजेरीपटाला एवढी गरज नाही. अभ्यासक्रम संपल्यावर तीन वर्षे पुरतात. मात्र नॅकच्या (उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) स्वयंमूल्यमापन अहवालात मागील पाच वर्षांची माहिती द्यावी लागते, तेव्हा मूल्यांकन तोंडावर आलेल्या संस्थेने पाच वर्षांच्या आतले काहीही काढू नये.

हिशेबाच्या बाबतीत कायद्यांच्या मुदती वेगवेगळ्या आहेत. वस्तू व सेवा कराच्या हिशेबांसाठी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम दिनांकापासून ७२ महिने लागतात, तर धर्मादाय न्यास म्हणून करसवलत घेणाऱ्या संस्थांसाठी २०२२ मध्ये आयकर नियमांत संबंधित कर निर्धारण वर्षाच्या अखेरीपासून १० वर्षांची तरतूद आली. सर्वांत लांब मुदत धरून व्हाउचरे, पावतीपुस्तके आणि शिष्यवृत्तीचे कागद क वर्गात टाकावेत आणि आक्षेप शिल्लक असलेला गठ्ठा वेगळा बांधून त्यावर तसे लिहावे. वेतन देयके मात्र या नियमात बसवू नयेत. सेवापुस्तक हरवले किंवा त्यात खंड दिसला, तर निवृत्तिवेतनाच्या वेळी कर्मचाऱ्याची सेवा सिद्ध करायला तीच उपयोगी पडतात, म्हणून ती निदान ३५ ते ४० वर्षे ठेवावीत. सेवापुस्तक, नेमणुकीचा आदेश आणि विद्यापीठाची मान्यता यांना अ वर्गच द्यावा.

उत्तरपत्रिका आणि माहितीचा अधिकार

सर्वांत जास्त जागा उत्तरपत्रिका व्यापतात आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्यांच्याविषयीच आहेत. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार मान्य केला. त्याच निकालात न्यायालयाने असेही स्पष्ट केले की हा अधिकार नियमांनुसार उत्तरपत्रिका जपली जाते तोपर्यंतच आहे. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ८(३) मध्ये २० वर्षांचा उल्लेख असल्याने सगळे कागद २० वर्षे ठेवलेच पाहिजेत असे अनेक जण समजतात. त्या कलमाचा तसा अर्थ नाही, हेही त्या निकालात सांगितले आहे. म्हणून मुदत आधी लिहून, मंजूर करून आणि सूचना फलकावर लावून ठेवणे महत्त्वाचे ठरते. निकाल, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन आणि तक्रार निवारण संपल्यानंतर सहा महिने ही मुदत मला रास्त वाटते. मात्र एखाद्या उत्तरपत्रिकेबद्दल अर्ज आलेला असताना ती नष्ट झाली, तर कलम २० खाली माहिती अधिकाऱ्यावर दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड बसू शकतो. अर्ज किंवा न्यायालयीन प्रकरण असलेल्या आसनक्रमांकांची यादी परीक्षा विभागाने कपाटाच्या दारावरच चिकटवावी.

संगणकातले अभिलेख

मी ज्या महाविद्यालयात होतो तिथे १९९० च्या दशकात निकाल फॉक्सप्रो या त्या काळच्या सॉफ्टवेअरमध्ये केला जाई. फ्लॉपी जपून ठेवल्या होत्या आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर काढलेली लेजरेही होती. वीस वर्षांनी एक गृहस्थ ट्रान्सक्रिप्टसाठी आले तेव्हा फ्लॉपी वाचणारे यंत्र कुठेच मिळेना, आणि लेजरावरची शाई इतकी फिकी झालेली होती की एका विषयाचे गुण ५३ आहेत की ५८ हे कळेना. खिडकीच्या उजेडात पान धरून, इतर सहा विषयांचे गुण एकूण बेरजेतून वजा करून तो आकडा आम्ही निश्चित केला. बेरीजही पुसली गेली असती तर त्या माणसाला देण्यासारखे आमच्याकडे काही उरले नसते.

तेव्हापासून मी आग्रहाने सांगत आलो आहे की संगणकातल्या अभिलेखाला मुदत द्यावी तशी उजळणीची तारीखही द्यावी. दर पाच वर्षांनी फाइल उघडते का हे पाहावे आणि गरज पडल्यास ती चालू स्वरूपात उतरवावी. अंतिम निकाल पीडीएफ-ए या जतनासाठीच्या स्वरूपात ठेवावा, त्याच्या तीन प्रती दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. प्रवेश व निकालाचे सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचे असेल तर करार संपताना सर्व माहिती वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, ही अट करारातच हवी. नॅशनल अकॅडेमिक डिपॉझिटरी या पदव्यांच्या ऑनलाइन भांडारात पदवी चढवली म्हणून मूळ लेजराची जबाबदारी संपत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हा उलट्या बाजूने विचार करायला लावतो. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसेल, तर ती पुसावी, असे त्याचे सूत्र आहे. प्रवेश न मिळालेल्या अर्जदारांच्या आधार प्रती आणि पालकांचे उत्पन्नाचे दाखले वर्षानुवर्षे कार्यालयातल्या संगणकावर पडून असतात. प्रवेश फेऱ्या व त्यांवरील तक्रारी संपल्यावर एका वर्षात ते काढावेत.

जागेबद्दल थोडक्यात. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचा आंबिल ओढ्याचा पूर पाहिलेल्या शहरात अ वर्गाचे कपाट तळघरात किंवा तळमजल्यावर ठेवू नये. प्लास्टिकच्या पिशव्या दमटपणा धरतात, टाचण्या गंजतात आणि रबराचे पट्टे वितळून कागदाला चिकटतात. येथल्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर सुती रुमालांत बांधून जपले आहे. आपणही गठ्ठे सुती कापडात बांधून सुती नाडीने आवळावेत.

नष्ट करण्याची रीत

शासकीय कार्यालयांत याला निंदणीकरण म्हणतात आणि शब्द फार नेमका आहे, कारण शेतातले तण काढताना पीक उपटले जाऊ नये याची जी काळजी घ्यावी लागते, तीच येथेही लागते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार सार्वजनिक अभिलेख विहित पद्धतीनेच नष्ट करावे लागतात, त्यामुळे सार्वजनिक विद्यापीठाने आणि शक्यतो प्रत्येक महाविद्यालयानेही तोंडी हुकमावर काहीही बाहेर काढू नये. संबंधित विभागाने गठ्ठावार यादी करावी. लेखा, परीक्षा आणि विधी या तीन शाखांनी आपापला आक्षेप नसल्याचे लिहून द्यावे. ग्रंथपालाने किंवा इतिहास विभागातल्या प्राध्यापकाने यादी एकदा नजरेखालून घालावी, कारण कार्यालयाला निरुपयोगी वाटणारा वसतिगृहाचा खानावळ-हिशेब संशोधकाला मोलाचा असू शकतो. मग प्राचार्यांची किंवा कुलसचिवांची लेखी मंजुरी घ्यावी.

नाव आणि गुण असलेला कागद रद्दीवाल्याला तसाच देऊ नये. उत्तरपत्रिकेच्या पानात बांधलेली भेळ मी स्वतः हातात घेतली आहे आणि त्या पानावर आसनक्रमांक स्पष्ट वाचता येत होता. कागद आवारातच यंत्राने कापावेत किंवा कागद गिरणीत लगदा होईपर्यंत आपला माणूस उभा ठेवून तसे प्रमाणपत्र घ्यावे. त्यानंतर नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीत गठ्ठ्याचा क्रमांक, विषय, कालावधी, मंजुरीचा ठराव, नष्ट केल्याची तारीख आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. ही नोंदवही अ वर्गातली असते आणि ती जनरल रजिस्टराच्या शेजारी, त्याच कपाटात ठेवावी.