किमान शिल्लक नाही म्हणून खातं उणे: माझा अनुभव
जुन्या बचत खात्यात शिल्लक उणे १,८८० दिसत होती. जास्तीचा एक रुपया काढला नव्हता. किमान शिल्लक नसल्याचा दंडच साचलेला. कस्टमर केअर, शाखा, दोन्हीकडे एकच पालुपद: आधी भरा. वैताग नुसता!

शेवटी आधी पूर्ण स्टेटमेंट काढून शिल्लक शून्याखाली गेली ती ओळ अधोरेखित केली. मग लेखी अर्जात रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाचा हवाला दिला: १ एप्रिल २०१५ पासून केवळ या दंडापायी बचत खातं उणे जाता कामा नये. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जाईन, हेही लिहिलं. शिक्का-तारखेसह पोच घेतली (तोंडी 'बघतो'वर परतू नका). अकराव्या दिवशी शिल्लक शून्य झाली; त्यानंतरच खातं बंद केलं.

आपणच जास्त पैसे काढले असतील, तर मात्र हा अर्ज चालणार नाही.