खान्देशातून मुल्कीच्या लाटांकडे : कुटुंबाच्या सर्फिंग सहलीचे नियोजन

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातून समुद्राकाठच्या गावी जायचे ठरले की बहुतेक घरांत पहिला प्रश्न ‘काय काय पाहायचे’ हा असतो आणि नियोजन तेथेच चुकीच्या टोकाकडून सुरू होते. सर्फिंगच्या, म्हणजे बोर्ड नावाच्या लांब फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत जाण्याच्या खेळाच्या, गावी दिवसाचे वेळापत्रक समुद्र ठरवतो. म्हणून एकच गाव निवडावे, तेथे किमान चार मोकळ्या सकाळी मिळतील असा मुक्काम ठेवावा आणि देवदर्शन, बाजारहाट, आसपासची भटकंती या गोष्टी उरलेल्या वेळात बसवाव्यात. सहा दिवसांत गोवा, गोकर्ण, मुरुडेश्वर आणि उडुपी उरकणाऱ्या सहलीत समुद्र फक्त गाडीच्या खिडकीतून दिसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

खान्देशातल्या कुटुंबासाठी मी कर्नाटकातील मुल्कीचे नाव सुचवतो. मंगळुरूच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर, शांभवी नदीच्या मुखाशी वसलेले हे छोटे गाव आहे. भारतातील सर्फिंगच्या शिकवणीची सुरुवात ज्या मोजक्या ठिकाणी झाली, त्यांत त्याची गणना होते. जवळच्याच ससिहित्लू किनाऱ्यावर २०१६ साली इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही राष्ट्रीय स्पर्धा झाली होती. केरळातील वर्कला आणि चेन्नईजवळचे कोवलम हीसुद्धा सर्फिंगची चांगली गावे आहेत. परंतु आपल्या भागातून रेल्वेने पोहोचण्याची सोय पाहिली तर मुल्की उजवे ठरते. शिवाय समोर समुद्र आणि मागे नदीचे संथ पाणी अशी दुहेरी सोय असल्याने ज्यांना लाटांवर जायचे नाही, त्यांनाही नावेत किंवा कयाकमध्ये (वल्ह्याच्या छोट्या होडीत) बसून पाण्याचा आनंद घेता येतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर ही सोय फार मोलाची ठरते.

ऋतूची निवड तारखांच्या आधी करावी. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र खवळलेला असतो, आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरही बंदी असते. नवशिक्या कुटुंबाने त्या दिवसांत पाण्यात उतरण्याचा विचारही करू नये. पावसाळा ओसरल्यावर, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात लाटा लहान आणि नेमस्त असतात. या लाटा बहुतांशी दूर दक्षिणेकडील हिंदी महासागरातल्या वादळी वाऱ्यांमुळे उठून हजारो किलोमीटरचा प्रवास करून येतात, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर वारा पडलेला असतानाही त्या येत राहतात. मे महिन्यात खान्देशात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की समुद्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र तिकडचा उन्हाळा घामाचा आणि दमट असतो आणि महिनाअखेरीस लाटाही वाढू लागतात, तेव्हा उन्हाळी सुटीतच जायचे असेल तर एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन यावे. कपाशी असलेल्या घरांत दिवाळीच्या सुमारास वेचणीची घाई असते. अशा घरांनी डिसेंबरअखेरची नाताळची सुटी किंवा जानेवारीतली जोडसुटी धरावी. अरबी समुद्रातील चक्रीवादळे मुख्यतः मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात. २०१९ च्या ऐन दिवाळीत ‘क्यार’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ या किनाऱ्यासमोरून गेले. म्हणून मुक्काम रद्द केल्यास पैसे परत मिळतील, अशीच खोली घ्यावी, मग ती थोडी महाग पडली तरी चालेल.

प्रवासाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. निजामुद्दीन ते एर्नाकुलम धावणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस भुसावळ आणि जळगावला थांबते, मनमाड, नाशिक रोड, कल्याण, पनवेल असे करत कोकण रेल्वेवर उतरते आणि उडुपीमार्गे मंगळुरूला पोहोचते. जळगाव ते उडुपी हा प्रवास साधारण एका दिवस-रात्रीचा आहे. रत्नागिरीच्या पुढचा डोंगर-खाड्यांचा भाग उजेडी पाहायला मिळाला तर तोही सहलीचाच एक भाग ठरतो. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडील मंडळींनी सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने जळगाव गाठावे. धुळेकरांना मनमाड जवळ पडते. मुल्कीला कोकण रेल्वेचे स्वतःचे स्टेशन आहे, तरी लांब पल्ल्याच्या सर्वच गाड्या तेथे थांबत नाहीत. तिकीट उडुपीपर्यंत काढून पुढचा रस्ता बसने किंवा टॅक्सीने करावा.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, पूर्वीसारखे १२० दिवस आधी नव्हे. तो दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा आणि जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटे खुली होताच काढावीत. ज्येष्ठांच्या राखीव खालच्या बर्थसाठी एका तिकिटावर दोनपेक्षा जास्त प्रवासी चालत नाहीत, म्हणून आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढणे शहाणपणाचे ठरते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे अर्धे तिकीट काढले तर त्यांना स्वतंत्र बर्थ मिळत नाही, हेही रात्रीच्या प्रवासात ध्यानात असावे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि ते ऑक्टोबरमध्येही लागू असू शकते. दिवाळीत जाणाऱ्यांनी वेळा पुन्हा तपासाव्यात.

सर्फिंगची शिकवणी ठरवताना दराच्या आधी काही गोष्टी फोनवर विचारून घ्याव्यात. एका प्रशिक्षकाकडे पाण्यात किती जण असतात, प्रशिक्षकांकडे इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशनचे प्रमाणपत्र आणि जीवरक्षणाचे प्रशिक्षण आहे काय, मुलांसाठी किमान वय किती, पोहता न येणाऱ्यांना घेतात काय, बोर्ड आणि अंगातला घट्ट शर्ट फीमध्ये धरलेला आहे काय, आणि समुद्र बिघडल्यास तास पुढे ढकलला जातो काय. या प्रश्नांना जेथे घाईघाईत उत्तरे मिळतात, ती जागा सोडून द्यावी. पहिला तास वाळूवरच सुरू होतो : बोर्डवर पालथे पडणे, हातांनी पाणी मारणे आणि एका झटक्यात उभे राहणे. त्यानंतर कमरेइतक्या पाण्यात, फुटून पांढऱ्या झालेल्या लाटेवर सराव होतो. नवशिक्यांचा बोर्ड लांब आणि मऊ पृष्ठभागाचा असतो आणि तो पायाला दोरीने बांधलेला असतो.

शिकवणी शक्यतो सकाळीच घ्यावी. शाळेच्या भूगोलात शिकलेले मतलई आणि खारे वारे येथे प्रत्यक्ष भेटतात : पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मंद मतलई वारा लाटांना सुबक ठेवतो आणि दुपारी खारा वारा सुटला की तेच पाणी विस्कटते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून दुसऱ्या दिवशीची वेळ आदल्या संध्याकाळी प्रशिक्षकालाच विचारावी. हैदराबादच्या इंडियन नॅशनल सेंटर फॉर ओशन इन्फर्मेशन सर्व्हिसेस या संस्थेकडून उंच लाटांचे इशारे दिले जातात. निघण्यापूर्वी आणि मुक्कामात ते पाहत राहावेत.

सुरक्षिततेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्याकडचे अनेक जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले आहेत आणि त्या भरवशावर समुद्रात उतरतात. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही. समुद्राचे पाणी माणसाला ओढून नेते. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी परत जाताना एखादी अरुंद वाट धरते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि शांत दिसते, आणि नवखा माणूस नेमकी तीच जागा सुरक्षित समजून निवडतो. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावे. शिकवणीत असाल तर बोर्ड कधीही सोडू नये. शांभवीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी प्रवाह जोरात असतो, तेथे पोहायला उतरूच नये. मुलांच्या मागे एक मोठा माणूस सतत नजर ठेवून असावा, आणि त्या वेळी त्याच्या हातात मोबाइल नसावा.

घरातील स्त्रियांची शिकवणी आधी ठरवावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्याकडच्या सहलींत आई आणि काकू टॉवेल व चपला सांभाळत वाळूवर बसलेल्या दिसतात. त्यामागे अनेकदा इच्छेचा अभाव नसतो. योग्य कपडे नसणे आणि कुणी विचारलेलेच नसणे, एवढेच कारण असते. साडी किंवा सैल पंजाबी ड्रेस पाण्यात जड होतो आणि पायांत अडकतो, म्हणून पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट आणि लेगिंग प्रत्येकीसाठी घरूनच घ्यावी. महिला प्रशिक्षक हवी असल्यास आरक्षणाच्या वेळीच तसे सांगावे. तास सुरू असताना सामान आणि लहान मुले पुरुषांनी सांभाळावीत.

खाण्याची चिंता करू नये. उडुपीचा परिसर शाकाहारी जेवणासाठी प्रसिद्ध आहे. नीर दोसा (तांदळाचा पातळ, मऊ डोसा) आणि गोळीबजे (मैद्याची गोल भजी) मुलांना आवडतात. जेवणात नारळाचा हात मोठा असतो आणि भाकरी मिळत नाही, म्हणून गाडीतल्या प्रवासासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली तर तीच पुढे दोन दिवस उपयोगी पडते.

दुपारनंतरच्या फिरण्यासाठी १९०१ साली बांधलेले कापूचे दीपगृह, कटीलचे दुर्गापरमेश्वरी मंदिर आणि उडुपीचा कृष्णमठ पुरेसे आहेत. एक दिवस मात्र मालपे बंदरातून नावेने सेंट मेरी बेटावर जावे. तेथील उभे षटकोनी खांबांसारखे खडक सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आहेत, म्हणजे आपल्या सातमाळा डोंगररांगेच्या काळ्या पाषाणापेक्षाही जुने. काळा दगड पाहत वाढलेल्या मुलांना ही तुलना अवश्य करून दाखवावी. पावसाळ्यात ही नौकासेवा बंद असते.

परतीच्या दिवशी शिकवणी ठेवू नये. दंड आणि खांदे आखडलेले असतात, खारे कपडे गोड्या पाण्यात धुऊन वाळवायला अर्धा दिवस लागतो, आणि ओले कपडे पिशवीत भरून चोवीस तासांच्या प्रवासाला निघाले तर भुसावळ येईपर्यंत त्यांना कुबट वास येऊ लागतो.